"हिशेब गोल केलाय": तालमीच्या ग्रुपवर एका शब्दावरनं पेटलेलं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातल्या एका पेठेतल्या तालमीचं आहे. तालमीचं नाव, माणसांची नावं सांगत नाही, रकमाही थोड्या बदलल्यात पण त्यांचं एकमेकांशी गणित तेच ठेवलंय. मला यात बोलावलं गेलं कारण मी मंडळांचे हिशेब लिहून द्यायचं काम करतो आणि दोन्ही बाजूंची माणसं माझ्या ओळखीची आहेत.

बाहेरगावच्या वाचकांसाठी एवढं सांगतो की कोल्हापुरात तालीम म्हणजे आता फक्त लाल माती आणि कुस्ती असं नाही, तालमीची फुटबॉल टीम असते, गणपती असतो, शिवजयंती असते, रक्तदान शिबिर असतं, आणि या सगळ्याला मिळून एकच वर्गणी, एकच पत्र्याचा डबा आणि बहुतेक वेळा एकच खजिनदार असतो. खजिनदाराला पगार नसतो. दिवसभर स्वतःचा धंदा किंवा नोकरी करून रात्री नऊनंतर तो चिठ्ठ्या घेऊन बसतो. आणि फुटबॉल म्हणाल तर शाहू स्टेडियमवर केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) लीग सुरू झाली की पेठापेठांतली पोरं दुसरं काही बोलतच नाहीत. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस ही टीमची नावं इथं लहान पोरांनाही पाठ असतात.

या तालमीचा खजिनदार साधारण पन्नाशीचा, मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. तिथं वीस-पंचवीस वर्षं वह्या लिहिलेला माणूस. सेक्रेटरी तरुण, तिशीतला. ग्रुपवर दोनशेच्या वर सभासद, त्यातले बरेच पुण्या-मुंबईला नोकरीला, आणि वर्गणीत त्यांचा वाटा मोठा.

काय घडलं

सीझन संपला, टीम सेमीफायनलला हरली, पोरं नाराज होती. त्याच आठवड्यात खजिनदारांनी ग्रुपवर व्हॉइस नोट टाकली. मी ती नंतर पूर्ण ऐकली. त्यात ते म्हणतात, "मंडळी, टीमचा हिशेब गोल केलाय. जमा एक लाख शहाऐंशी हजार, खर्च एक लाख चौऱ्याहत्तर हजार तीनशे, शिल्लक अकरा हजार सातशे. वरचं काय असंल ते डब्यात हाय, गणपतीत घेऊ."

रात्री उशिरा पुण्यातल्या एका सभासदानं लिहिलं, "हिशेब गोल केला म्हणजे नक्की काय केलं?" प्रश्न साधा होता, पण उत्तर कुणी दिलं नाही. खजिनदार झोपलेले, सेक्रेटरी सांगलीला लग्नात. मग कुणीतरी लिहिलं की पोरांनी स्टेडियमवर गोल खाल्ले आणि हिकडं ऑफिसात गोल मारला. त्यावर हसण्याचे इमोजी पडले. आणि एकानं व्हॉइस नोटचा फक्त पहिला तुकडा, "टीमचा हिशेब गोल केलाय" एवढाच, कापून दुसऱ्या ग्रुपवर टाकला. सकाळपर्यंत तो शेजारच्या दोन पेठांत फिरून आला होता.

सकाळी खजिनदारांनी मोबाईल बघितला तेव्हा ते चिडले आणि त्यांनी टाईप केलं, "गोल गोल बोलू नका, काय असंल ते समोर येऊन बोला." पुण्याच्या पोराला वाटलं, हा उलटा चोर. त्यानं लिहिलं, "गोल गोल तुम्हीच बोलताय, आकडे द्या." यावर खजिनदारांच्या पुतण्यानं, वय वीस, लिहिलं, "पृथ्वी गोल हाय भावा, कधीतरी हिकडं यालच की." झालं! याचा अर्थ धमकी असाच घेतला गेला. स्क्रीनशॉट निघाले, पोलिसात जायची भाषा सुरू झाली, आणि दुपारपर्यंत मूळ प्रश्न काय होता तेच कुणाला आठवेना.

शब्द कुठं अडकला

बारा-चौदा तासांत एकाच आकाराच्या शब्दानं पाच वेगवेगळी कामं केली आणि प्रत्येकानं आपल्याला सोयीचा अर्थ उचलला. म्हणून इथं जरा थांबतो, कारण हे नीट बघितल्याशिवाय पुढचा निर्णय कळणार नाही.

खजिनदारांच्या तोंडचा "गोल" बाजारातला आहे. पावती सातशे त्र्याऐंशीची झाली की गिऱ्हाईक म्हणतं वरचे सोडा, गोल करा. तिथं गोल म्हणजे शेवटाला शून्य असलेला आकडा, ज्याला शिकलेली पोरं राउंड फिगर म्हणतात. त्यात लबाडी नाही, उलट व्यवहार मिटवायची घाई आणि थोडा मनाचा मोठेपणा आहे. आणि हे काही फक्त बाजारातच चालतं असंही नाही. आयकरात एकूण उत्पन्न दहाच्या पटीत आणतात, शेवटचा आकडा पाच किंवा जास्त असला तर वर, कमी असला तर खाली. जीएसटीत कराची रक्कम जवळच्या पूर्ण रुपयाला आणतात, पन्नास पैसे किंवा वर असेल तर पुढचा रुपया. चार आणे तर ३० जून २०११ पासून चलनातच नाहीत. तर गोल करणं हा गुन्हा नाही, कसं गोल केलं हा प्रश्न आहे, त्यावर पुढं येतो.

पुण्याच्या सभासदानं ऐकलेला "गोल" दुसरा. पैसे गोल केले, माल गोल केला, म्हणजे ढापला, गायब केला. गोलमाल त्याच बाजूचा. शिवाय "गुल" हा शेजारी आहेच, बत्ती गुल, दांडी गुल, बोलताना दोन्ही इतके जवळ येतात की ऐकणाऱ्याच्या कानात पैसे गोल आणि पैसे गुल एकच होऊन बसतं.

तिसरा "गोल गोल", म्हणजे जोडीनं आलेला. हा जोडीनं आला की तो पैशाचा राहत नाही, बोलण्याचा होतो नाहीतर फिरवण्याचा. गोल गोल बोलणं म्हणजे मुद्द्यावर न येणं, आणि सरकारी कचेरीत गोल गोल फिरवलं म्हणजे या टेबलावरनं त्या टेबलावर पाठवलं. खजिनदारांनी "गोल गोल बोलू नका" म्हटलं तेव्हा ते खरं तर म्हणत होते की आडून टोमणे मारू नका, सरळ विचारा. अगदी योग्य मागणी होती. पण आदल्या रात्रीच्या "गोल"च्या शेजारी ती पडली आणि वाचणाऱ्याला वाटलं हा विषय उडवतोय.

चौथा मैदानावरचा. हा इंग्रजी गोल, त्याचा आकाराशी काही संबंध नाही, पण कोल्हापुरात तो इतका रोजचा झालाय की "गोल मारला" म्हटलं की आनंद आणि "गोल खाल्ला" म्हटलं की दुःख, दोन्ही बाकी काही न सांगता पोचतं. विनोद करणाऱ्या पोरानं हा गोल त्या गोलावर आदळला आणि हरल्याचा सगळा राग खजिनदारांकडं वळला. माझ्या मते आगीत तेल पडलं ते इथं. सेमीफायनल जिंकली असती तर याच व्हॉइस नोटवर दोन अंगठे आणि एक हार्ट पडून विषय संपला असता.

पाचवा "पृथ्वी गोल हाय". हे वाक्य दोन सुरांत बोललं जातं. जुना मित्र अचानक भेटला की हसून, आणि कुणी दगा दिला की दात खाऊन. टाईप केलेल्या अक्षरात सूर नसतो. पुतण्याला विचारलं तर तो म्हणाला, "मी म्हटलं गणपतीला येणारच हायसा की, तवा बोलू." खरं असेल, नसेल, पण वाचणाऱ्याला दात खाल्लेला सूरच ऐकू आला, कारण वातावरण तापलेलं होतं.

आता यातला कळीचा मुद्दा. "आकडा गोल केला" म्हटलं असतं तर कुणालाही शंका आली नसती. "पैसे गोल केले" म्हटलं असतं तर कुणालाही शंका राहिली नसती. "हिशेब गोल केला" हे नेमकं दोन्हीच्या मधे बसतं. हिशेबात आकडेही असतात आणि पैसेही. त्यामुळं पुण्याच्या पोराला मराठी कळत नाही, तो शहरी झालाय, असं जे इथं बोललं गेलं ते मला पटलं नाही. त्यानं विचारलेला पहिला प्रश्न अगदी बरोबर होता.

कोणते पर्याय होते

मला फोन आला तेव्हा सेक्रेटरीपुढं चार गोष्टी होत्या.

काही जणांना थेट धर्मादाय कार्यालयात तक्रार करायची होती. वर्गणी ही लोकांची रक्कम आहे आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली तिचा जाब विचारता येतो, यात त्यांचं चूक नव्हतं. पण कागद न बघता तक्रार केली तर माणूस निर्दोष निघाला तरी पेठेत त्याचं नाव जे जायचं ते जातं, आणि पुढं खजिनदार व्हायला कुणी पुढं येत नाही. हा धोका खरा आहे, मी अशा तालमी बघितल्यात जिथं डबा घ्यायला माणूस मिळत नाही.

दुसरा पर्याय खजिनदारांनी स्वतःच दिला, राजीनामा. रागातला. सेक्रेटरी तो घ्यायच्या विचारात होता, त्याला वाटलं विषय शांत होईल. मी स्पष्ट नको म्हटलं. आत्ता राजीनामा घेतला तर कापलेला तुकडा खरा ठरतो.

तिसरा, ग्रुप लॉक करायचा, सगळे मेसेज डिलीट करायचे. ॲडमिनचा हात तिकडंच चालला होता.

चौथा पर्याय एका जुन्या सभासदांचा, शाळेतनं रिटायर झालेले सर. ते म्हणाले, ग्रुपवर नियम करा, फक्त शुद्ध मराठी, हे गावठी शब्द बंद. त्यांच्या मनात चांगलंच होतं. पण मला हे मान्य नव्हतं आणि मी तिथंच बोललो. शब्द बंद केला तर खजिनदारासारखा माणूस बोलायचाच बंद होईल. त्याची सगळी हिशेबाची अक्कल याच बोलीत आहे. त्याला "रक्कम पूर्णांकित केली" असं लिहायला लावलं तर तो लिहिणार नाही, आणि लिहिलं तर ते निम्म्या ग्रुपला कळणार नाही. शिवाय शुद्ध मराठीत लबाडी करता येत नाही असं थोडंच आहे? लबाडी झाकायची तर जड शब्द जास्त कामाला येतात.

प्रत्यक्षात काय केलं

शेवटी ठरलं ते असं. ग्रुप उघडा ठेवायचा, काही डिलीट करायचं नाही, फक्त सेक्रेटरीनं एक मेसेज टाकायचा: पूर्ण व्हॉइस नोट परत जोडली आहे, रविवारी तालमीत सगळ्या पावत्या टेबलावर असतील, ज्याला यायचं त्यानं यावं, बाहेरगावच्यांना व्हिडिओ कॉल लावू. या मेसेजात "गोल" हा शब्द मुद्दाम टाळला, आणि कुणाची बाजूही घेतली नाही. मेसेज तयार करायला आम्हाला बराच वेळ लागला कारण पहिल्या मसुद्यात "गैरसमज झाला आहे" असं होतं. ते मी काढायला लावलं. कागद बघायच्या आधी गैरसमज म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

रविवारी टेबल न मांडता सतरंजीवर गोलात बसलो. पुण्याचा सभासद स्वतः गाडी काढून आला होता, हे मला फार आवडलं. चौसष्ट पावत्या आणि चिठ्ठ्या होत्या, किट, बूट, बर्फ, केळी, अंडी, रिक्षाभाडं, चहा. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं लिहायचं, खजिनदारांनी फक्त विचारलं तर बोलायचं.

दोनेक तासांत चित्र दिसलं. खजिनदारांनी प्रत्येक पावती वरच्या शंभराला नेली होती. दोन हजार तीनशे चाळीस असेल तर चोवीसशे, अकराशे पंधरा असेल तर बाराशे, सातशे पंच्याऐंशी असेल तर आठशे. या तीन पावत्यांचा खरा खर्च ४,२४० होतो, वहीत पडले ४,४००, म्हणजे तीन ओळींतच १६० जास्त. तेच जवळच्या शंभराला नेलं असतं तर २,३००, १,१०० आणि ८०० मिळून ४,२०० झाले असते, फरक चाळीसचा आणि तोही उलट बाजूला. जवळच्या आकड्याला नेलं की काही ओळी वर जातात, काही खाली, बरंचसं आपापसात फिटतं. सगळ्या वरच नेल्या की फरक एकाच बाजूला साठत जातो. चौसष्ट पावत्यांवर तो साठून २,८७० झाला होता. वहीत खर्च १,७४,३००, पावत्यांनी खर्च १,७१,४३०.

आता प्रश्न एकच, हे २,८७० कुठं आहेत? वहीप्रमाणं शिल्लक ११,७००. पावत्यांप्रमाणं डब्यात १४,५७० असायला हवेत. डबा सगळ्यांसमोर उघडला, दोघांनी मोजलं, १४,५५० निघाले. वीस रुपये कमी. ते कुठं गेले ते शेवटपर्यंत लागलं नाही आणि तसंच लिहून ठेवलं.

म्हणजे "वरचं काय असंल ते डब्यात हाय, गणपतीत घेऊ" हे वाक्य शब्दशः खरं होतं. अडतीतली त्यांची सवय अशी की खर्च थोडा जास्त धरायचा, म्हणजे डब्यात कधी तूट येत नाही. चांगल्या मनानं केलेलं होतं, पण लोकांच्या पैशाला ही पद्धत चालत नाही, आणि हे त्यांना तिथंच सांगितलं. वहीत नसलेली रक्कम डब्यात असणं हे उद्या दुसऱ्या खजिनदाराच्या हातात मोकळं रान आहे.

महिला मंडळाच्या एक काकी, नवरात्राची वर्गणी त्याच गोळा करतात, कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होत्या. त्या शेवटी म्हणाल्या, "एवढ्या एका शब्दावरनं भांडालाईसा व्हय? मी रोज गोल साडी नेसतो, मग मीबी चोर झालो म्हणायचं!" (आमच्याकडं बायका "मी नेसतो, मी जातो" असंच बोलतात.) सगळे हसले आणि खजिनदार पहिल्यांदा पुण्याच्या पोराकडं बघून बोलले, "तू विचारलंस ते बरोबर विचारलंस बाळा, पर मला फोन करायचास की." पोरगं म्हणालं, "काका, तुमचा नंबर ग्रुपात 'ऑफिस' नावानं सेव्ह हाय, मला वाटलं तालमीचा हाय."

निकाल

वही नव्याने लिहिली, खरे आकडे रुपयापर्यंत. जुन्या वहीत नव्हते ते २,८५० रुपये "वहीबाहेरची शिल्लक" अशा वेगळ्या शेऱ्यात दाखवले, त्यावर पाच जणांच्या सह्या. खजिनदार पदावर राहिले. पुण्याच्या सभासदाला हिशेब तपासनीस केलं, दर महिन्याला पावत्यांचे फोटो त्याच्याकडं जातात. पुतण्यानं ग्रुपवर लिहिलं की धमकी द्यायची नव्हती, आणि समोरच्यानं ते मान्य केलं.

जे सुटलं नाही तेही सांगायला हवं. कापलेला तुकडा बाहेरच्या ग्रुपांत फिरतच राहिला. आम्ही नवा हिशेब त्या ग्रुपांतल्या ओळखीच्यांना पाठवला, पण पाच सेकंदांची क्लिप जितकी फिरते तितका दोन पानी हिशेब फिरत नाही. पुढच्या सीझनला स्टेडियमच्या गॅलरीतनं या तालमीच्या पोरांना "गोल केलाय, गोल केलाय" अशा आरोळ्या ऐकायला लागल्या. पोरांनी ते मनावर घेतलं नाही असं म्हणतात, पण खजिनदार त्या दिवसापासून मॅच बघायला जात नाहीत. याचं मला वाईट वाटतं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला निर्णयाचा क्षण रात्रीचा होता, आणि तो कुणीच घेतला नाही. "म्हणजे नक्की काय केलं?" या प्रश्नाला त्याच वेळी कुणीही, अगदी साध्या सभासदानंही, "काकांना सकाळी विचारून सांगतो" एवढं लिहिलं असतं तरी विनोदाला जागा मिळाली नसती. दोनशे माणसांच्या ग्रुपात एकच जण उत्तर द्यायला पात्र आहे असं समजणं ही अडचण होती. आता त्यांनी सेक्रेटरीसोबत दोन जण ठरवलेत जे पैशाच्या प्रश्नाला आधी हजेरी लावतात, उत्तर नंतर मिळालं तरी चालेल.

दुसरं, पैशाचा हिशेब व्हॉइस नोटवर देऊ नये. बोलीला माझा विरोध नाही, पण बोललेलं वाक्य कापता येतं. एका फोटोत जमा, खर्च, शिल्लक आणि खाली बोलीतला एक शब्द असं असतं तर कापायला काही उरलं नसतं. खजिनदार आता वहीच्या पानाचा फोटो टाकतात आणि खाली पेनानं लिहितात, "गोल न करता." तो शब्द त्यांनी सोडला नाही, आणि सोडू नये असंच मला वाटतं.

तिसरं, सकाळी चिडून टाईप करण्याऐवजी फोन झाला असता तर पुतण्या मधे पडलाच नसता. इथं मी खजिनदारांना दोष देत नाही, रात्रभर चोर म्हणून फिरवलेल्या माणसाकडनं थंड डोक्याची अपेक्षा करणं अवघड आहे. पण सेक्रेटरीला सांगलीत नेटवर्क होतं, त्यानं मेसेज वाचले होते, आणि लग्नात कशाला म्हणून तो गप्प राहिला. त्याचा एक फोन पुरला असता.

आणि राजीनाम्याचा मुद्दा. सेक्रेटरी अजूनही म्हणतो की तात्पुरता राजीनामा घेऊन चौकशीनंतर परत पद दिलं असतं तर बाहेरच्यांची तोंडं बंद झाली असती. माझं मत वेगळं आहे, पेठेत तात्पुरता राजीनामा असं काही नसतं. पण त्याच्या बोलण्यातही तथ्य आहे, कारण ज्याच्यावर शंका आहे त्याच्याच ताब्यात रविवारपर्यंत डबा होता, आणि डब्याला तेवढे दिवस दुसरं कुलूप लावून किल्ली तिसऱ्याकडं द्यायला हवी होती. ते सुचलं ते मोजणी झाल्यावर, चहा पिताना.